ठाणं कोणतं ते आधी सांगा : वाचकांचे कोर्टकचेरीचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं एकाच गोष्टीची आहेत, की समोरच्या माणसावर फौजदारी केस आहे का ते कसं पाहायचं, आणि केस गावाकडच्या तालुका कोर्टात असली तर काय करायचं. पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापत नाही, कारण यातले अर्धे प्रश्न शेजारच्याबद्दल नाहीतर होणाऱ्या सोयऱ्याबद्दल आहेत, आणि आपल्याकडे मासिक सगळ्यांच्याच घरी येतं.

आमचा काटोल तालुक्यात संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहाराचा सौदा करून राह्यलो. व्यापारी म्हणतो थोडा इसार आत्ता देतो अन् बाकीचे पैसे तोडीच्या वेळी. लोक म्हणतात याच्यावर ४२० ची केस आहे. मी मोबाईलवर त्याचं नाव टाकून पाह्यलं तर काहीच नाही आलं. मग माणूस साफ समजायचा का?

नाही हो, घाई नका करू. काहीच नाही आलं म्हणजे तुम्ही ज्या कोर्टात, ज्या वर्षात, ज्या स्पेलिंगनं शोधलं तिथं नाही आलं, एवढंच. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ही सरकारी साइट आहे, अ‍ॅपही आहे, फुकट आहे, तिथं पहिले राज्य मग जिल्हा मग कोर्ट कॉम्प्लेक्स असं निवडत जावं लागतं. काटोल निवडलं की काटोलचंच दिसतं. सावनेरचं पाहायचं तर परत मागं जाऊन सावनेर, नरखेडचं पाहायचं तर परत नरखेड. आणि संत्र्याचे व्यापारी वरुडकडचेही असतात की, वरुड पडतं अमरावती जिल्ह्यात, म्हणजे नागपूर जिल्ह्यात रात्रभर बसून शोधलं तरी तिथली केस सापडणार नाही. व्यापारी पांढुर्ण्याचा असला तर राज्यच बदलतं, मध्य प्रदेश निवडा. तेव्हा पहिला प्रश्न त्याच्या नावाचा नाहीच, तो कुठं कुठं धंदा करतो तो आहे. ज्या गावांत त्यानं मागच्या दोन-तीन हंगामांत माल तोडला त्या गावांचे तालुके काढा.

मग नाव. नाव टाकताना निदान तीन अक्षरं लागतात आणि वर्षही टाकावं लागतं, ज्या वर्षी केस नोंदली गेली ते वर्ष, भांडण झालं ते नाही. वर्ष माहीत नसेल तर एकेक वर्ष बदलून पाहत बसा, दुसरा उपाय नाही. वर पेंडिंग, डिस्पोज्ड आणि बोथ असे तीन पर्याय असतात, त्यात बोथ करा, बरेच लोक पेंडिंगवरच ठेवतात अन् निकाली निघालेल्या केसा दिसतच नाहीत. आपल्याकडची बहुतेक नोंद इंग्रजीत टाइप केलेली असते, ती टाइप करणाऱ्यानं वानखेडे डब्ल्यूनं लिहिलं की व्हीनं, ठाकरेमध्ये के च्या आधी ए घातला की नाही घातला, बाळकृष्णचं काय केलं, देवच जाणे. म्हणून पूर्ण नाव टाकूच नका, आडनावाचा नाहीतर नावाचा तुकडा टाका आणि जी यादी येईल ती डोळ्यांनी चाळा.

पण मी तुमच्या जागी असतो तर नावापासून सुरुवातच केली नसती. ज्यांनी तुम्हाला ४२० सांगितलं त्यांना विचारा की कोणत्या ठाण्यात? कोंढाळी का काटोल का जलालखेडा? ठाणं आणि साल कळलं की अर्धं काम झालं. ई-कोर्ट्सवर एफआयआर नंबरनं शोधायची वेगळी खिडकी आहे, ठाणं निवडा, गुन्हा नंबर टाका, साल टाका, त्यात स्पेलिंगची भानगडच नाही. गुन्हा नंबर नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर एफआयआर टाकलेल्या असतात. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये सांगितलंय की एफआयआर २४ तासांत साइटवर टाकायची, नेट नसलेल्या दूरच्या भागात जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक अत्याचार, पॉक्सो म्हणजे लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशा नाजूक गुन्ह्यांच्या मात्र टाकत नाहीत. या पोर्टलवर युनिट म्हणजे पोलिसांचा विभाग निवडताना गंमत आहे, नागपूर शहर वेगळं आणि नागपूर ग्रामीण वेगळं. काटोल, कोंढाळी ग्रामीणमध्ये. पण कामठी तालुका असूनही कामठीची ठाणी शहर पोलीस आयुक्तालयात येतात, त्यामुळे कामठीचा गुन्हा ग्रामीणमध्ये शोधणारे वैतागून सोडून देतात.

कलमाचं पण लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा त्या तारखेनंतरच्या फसवणुकीवर ४२० दिसणार नाही, ३१८ चं पोटकलम ४ दिसेल. विश्वासघाताचं ४०६ होतं ते आता ३१६ मध्ये गेलं. गावात अजून वीस वर्षं लोक चारसोबीसच म्हणतील, पण यादीत तुम्ही ४२० शोधाल तर नवी केस हातातून निसटेल.

आता खरी गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही. माल घेऊन पैसे बुडवणाऱ्याच्या नावावर ४२० पेक्षा चेक बाउन्सच्या केसा जास्त सापडायची शक्यता असते. म्हणजे कलम १३८ वाल्या. त्यात पोलीस नसतात, एफआयआर नसते, शेतकरी स्वतः कोर्टात तक्रार करतो. त्यामुळे पोलीस पोर्टलवर त्याचा मागमूस लागत नाही आणि ठाण्यात विचारलं तर ते खरंच म्हणतील की आमच्याकडे काही नाही. ई-कोर्ट्सवर या केसा एससीसी म्हणजे समरी क्रिमिनल केस या प्रकारात दिसतात, पोलिसांच्या चार्जशीटवरच्या आरसीसी म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केसमध्ये. आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून चेक ज्यानं आपल्या खात्यात भरला त्याची बँकेची शाखा जिथं, केस तिथल्या कोर्टात. म्हणजे व्यापारी राहतो कुठंही, केस शेतकऱ्याच्या तालुक्यात. एकाच माणसावर वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या पाच-सहा एससीसी दिसल्या तर मला बाकी काही पाहायची गरज वाटत नाही, मी सौदा करणार नाही.

काही सापडलं तर त्याचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळखनंबर, लिहून ठेवा. १६ अक्षर-आकड्यांचा असतो, नागपूर जिल्ह्याचा एमएचएनजीनं सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे सालाचे. हा नंबर एकदा हातात आला की पुढं काही निवडायचं काम नाही, सरळ तोच टाका, पुढची तारीख, आधीच्या तारखांना काय झालं आणि अपलोड झालेले आदेश, सगळं एका पानावर.

मुलीसाठी उमरेडकडचं स्थळ आलंय. मुलाचं नाव टाकून पाहिलं तर तीन नोंदी आल्या, तिन्हीसमोर केस डिस्पोज्ड लिहिलंय. मध्यस्थ म्हणतात डिस्पोज्ड म्हणजे सुटला. बरोबर आहे का?

अजिबात नाही, आणि तुमच्या मध्यस्थांना हे माहीत नसेल तर ठीक, माहीत असून सांगत असतील तर जरा सांभाळून. डिस्पोज्ड म्हणजे त्या कोर्टापुरती ती फाईल बंद झाली. बंद कशी झाली ते नेचर ऑफ डिस्पोजल नावाच्या रकान्यात असतं, तो वाचल्याशिवाय काही बोलू नये. अक्विटेड म्हणजे निर्दोष सुटला. कन्व्हिक्टेड म्हणजे दोषी ठरला, आणि तीही केस डिस्पोज्डच दिसते, हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. कॉम्प्रमाइज किंवा लोक अदालत म्हणजे आपसात मिटलं.

सगळ्यात फसवणारी नोंद म्हणजे कमिटेड. खुनाचा प्रयत्न वगैरे मोठ्या कलमांची केस आधी तालुक्याच्या जेएमएफसी म्हणजे प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात येते, पण ती चालवायचा अधिकार सेशन्स कोर्टाला, मग मॅजिस्ट्रेट ती वर पाठवतात. म्हणजे तालुक्याच्या यादीत डिस्पोज्ड झाली आणि तिकडं सेशन्समध्ये नवीन नंबर घेऊन सुरू झाली. तुम्ही तालुक्याचं कोर्ट पाहून खूश, आणि खटला तिकडं जोरात चालू. तेव्हा कमिटेड दिसलं तर सेशन्स केस या प्रकारात परत शोधा.

तुमच्या तीनपैकी एकीच्या पुढं बेल अ‍ॅप्लिकेशन असेल आणि अलाउड लिहिलं असेल तर त्याचा अर्थ जामीन मिळाला, बास, मूळ केस वेगळीकडे असणार. आणि हो, तीन नोंदी म्हणजे तीनही याच मुलाच्या असं कशावरून? या यादीत जन्मतारीख नसते. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन जण सहज निघतात, कधी कधी बापाचं नावही तेच. आदेश किंवा निकालपत्र उघडा, त्यात बहुधा आरोपीचं वय, बापाचं नाव, राहणार कुठला ते लिहिलेलं असतं, ते जुळवा.

एक आणखी. पोलिसांत तक्रार होऊन चार्जशीट न होताच संपलेलं प्रकरण असेल तर समरी हा शब्द ऐकू येईल, एससीसीतली समरी ती वेगळी. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा पत्ता लागला नाही किंवा पुरावा नाही, ब समरी म्हणजे तक्रारच खोटी, क समरी म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार नाहीतर मुळात दिवाणी भांडण. ब समरीवाल्या मुलाला नकार देऊ नका हो, त्याच्यावर अन्यायच झालेला असतो.

आणि माझं म्हणाल तर मुलाकडच्यांना सरळ विचारा, केस होती का, गुन्हा नंबर काय, निकालाची कॉपी दाखवता का. जे साफ असतात ते फाईल काढून समोर ठेवतात. जे चिडतात त्यांचं उत्तर पण मिळालंच ना.

रामटेक तालुक्यातली १९९४ ची हाफ मर्डरची केस आहे, काकांना शिक्षा झाली होती. जमिनीच्या वादात आता तो निकाल पाहिजे. ऑनलाइन नाही. एकानं सांगितलं माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, येते.

नाही येत. कोर्टाच्या फाईलीतली कॉपी कोर्टाच्याच नियमांनी घ्यायची, आरटीआयनं नाही, असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. अर्ज टाकून महिना वाया जाईल आणि उत्तर येईल की नक्कल विभागात जा.

१९९४ ची केस ऑनलाइन नसणारच, कॉम्प्युटर नंतर आले. हाफ मर्डर म्हणजे खुनाचा प्रयत्न, जुनं ३०७, तेव्हा ती रामटेकला नाही तर नागपूरला सेशन्समध्ये चालली असणार, सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात चौकशी करा. पण केस नंबर आणि साल नसेल तर तिथलं माणूसही काही करू शकत नाही, गठ्ठे उघडून कोण पाहणार? नंबर काकांच्या जुन्या वकिलाकडं असू शकतो, जामिनाच्या कागदावर असतो, अपील केलं असेल तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या कागदांवर खालच्या केसचा नंबर असतोच. नंबर मिळाला की नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, आणि तुम्ही स्वतः त्या केसमध्ये पक्षकार नाही म्हणून कॉपी कशाला हवी ते लिहून परवानगी घ्यावी लागेल. काका हयात असतील तर त्यांच्याच सहीनं अर्ज करा, झंझट कमी. जुन्या फाईलीतले बाकीचे कागद नियमाप्रमाणे काही वर्षांनी नष्ट करतात, निकालपत्र जास्त काळ ठेवतात, त्यामुळे साक्षीपुराव्याची आशा धरू नका, निकालाची धरा.

माझी मुलगी अमेरिकेत टेक्सासमध्ये एका छोट्या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागली, ज्याचं घर भाड्यानं घेतलं त्याच्यावर फेलनी होती असं तिला कोणी सांगितलं. तिनं एका वेबसाइटला पैसे भरून रिपोर्ट घेतला, त्यात त्याच नावाचे चार जण निघाले. आम्ही इथं त्रिमूर्तीनगरात बसून काळजी करतोय.

बघा, वानखेडे-ठाकरेंची तीच भानगड तिकडं पण. पैसे घेऊन रिपोर्ट देणाऱ्या साइट इकडून तिकडून डेटा गोळा करतात, तो जुना असतो, दोन माणसांचा एकत्र झालेला असतो. मूळ नोंद कोर्टाच्या क्लार्ककडं, तिथंच पाहायचं.

तिकडं गुन्ह्याचे दोन मोठे ढीग, फेलनी म्हणजे गंभीर आणि मिसडिमीनर म्हणजे त्याखालचे. साधारण हिशेब असा की एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते ती फेलनी, राज्याराज्यात थोडा फरक. आपल्याकडे अशी विभागणीच नाही, आपलं दखलपात्र-अदखलपात्र वेगळ्या हिशेबानं चालतं, तेव्हा तुलना करत बसू नका. टेक्सासमध्ये फेलनीच्या केसा डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात आणि त्यांच्या फाईली डिस्ट्रिक्ट क्लार्ककडं असतात. मिसडिमीनरमधले मोठे प्रकार काउंटी कोर्टात आणि ते कागद काउंटी क्लार्ककडं. मुलगी काउंटी क्लार्ककडं जाऊन काही नाही म्हणून परत आली तर तिला डिस्ट्रिक्ट क्लार्ककडं पाठवा. फक्त अगदी लहान काउंटी असेल, ८ हजारांच्या आत लोकवस्ती, तर तिथं दोन्ही कामं एकच क्लार्क करू शकतो.

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि सगळ्यांची ऑनलाइन सोय सारखी नाही. मोठ्या शहरांच्या काउंट्यांचं घरबसल्या दिसतं, गावाकडच्या काउंटीत अजूनही ऑफिसात जा, काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर नाव टाकून पाहा, किंवा पत्र नाहीतर ईमेल करून शोधायला सांगा, फी भरा. आपल्या काटोल-रामटेकसारखंच, जवळ जाऊन विचारल्याशिवाय काम होत नाही. विस्कॉन्सिन किंवा मिसुरीमध्ये असती तर सोपं होतं, तिथं राज्यभरातल्या कोर्टांची एकच फुकट साइट आहे. आणि कुणी तिला पेसर नावाच्या साइटवर शोध म्हणेल, ते फक्त फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टांचं आहे, पानाला १० सेंट, गावाकडची चोरी-मारामारीची केस तिथं सापडणार नाही.

राज्याच्या पातळीवर टेक्सास डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीकडं शिक्षा झालेल्यांच्या नोंदी नावानं शोधायची सोय आहे, थोडे पैसे लागतात, पण पूर्ण राज्य एकदम पाहून होतं. घरमालक आधी दुसऱ्या काउंटीत राहत असेल तर याचा उपयोग आहे, कारण केस जिथं गुन्हा झाला त्या काउंटीत असते, तो आज राहतो तिथं नाही. सापडली की कॉज नंबर लिहून घ्यायचा, टेक्सासात केस नंबरला तसंच म्हणतात, आणि नाव सोडून जन्मतारीख जुळवायची.

मग शेवटी डिस्पोझिशन पाहायचं, म्हणजे पुढं झालं काय. इंडाइटमेंट दिसलं म्हणजे ग्रँड ज्युरीनं, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या मंडळानं, खटला चालवायला मंजुरी दिली, दोषी ठरवलं नाही. डिसमिस्ड म्हणजे केस काढून टाकली. डिफर्ड अ‍ॅज्युडिकेशन दिसलं तर समजा की त्यानं गुन्हा कबूल केला किंवा नाकारला नाही, कोर्टानं दोषी ठरवणं पुढं ढकलून त्याला देखरेखीखाली ठेवलं, आणि ती मुदत नीट पार पडली तर शिक्षेची नोंद होत नाही. काही नोंदी कोर्टाच्या हुकमानं झाकलेल्या किंवा पुसलेल्या असतात, त्या क्लार्क दाखवणारच नाही.

आता वडिलांना माझा सल्ला. वीस वर्षांपूर्वीचं दारू पिऊन गाडी चालवण्याचं प्रकरण निघालं आणि त्यानंतर काही नाही, तर मी तरी घर सोडायला सांगणार नाही. घरात घुसून मारहाण वगैरे असेल आणि माणूस तोच असल्याचं पक्कं झालं तर तिनं भाडेकराराचे नियम पाहून दुसरीकडे जावं, तिथल्या वकिलाला एकदा विचारून. पण त्या चार जणांच्या रिपोर्टवरून त्याला तोंडावर काही बोलू नये, चौघांतला तो नसलाच तर राहायचं त्याच्याच घरात आहे.

मी हिंगणा एमआयडीसीत काम करतो. माझ्यावर मारामारीची केस होती, २०१९ मध्ये निर्दोष सुटलो. आता सरकारी भरतीत निवड झाली आणि पडताळणीच्या फॉर्ममध्ये विचारलंय की कधी गुन्हा दाखल झाला होता का. मित्र म्हणतात सुटलास ना, मग नाही लिही.

मित्रांचं ऐकू नका. प्रश्न नीट वाचा, गुन्हा दाखल झाला होता का असं विचारलंय, शिक्षा झाली का असं नाही, तेव्हा उत्तर हो. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात हेच ठरवलं की फॉर्ममधली माहिती खरी पाहिजे, खरी माहिती दिली तर नेमणूक करणाऱ्यानं गुन्हा किती किरकोळ होता, सुटका कशी झाली ते पाहून निर्णय घ्यावा, पण लपवलं तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते. आणि लपणार कसं? ठाण्याच्या रेकॉर्डवर आहे, ई-कोर्ट्सवर आहे, पडताळणी करणारा हवालदार तेच पाहतो.

हो लिहा, पुढं ठाणं, गुन्हा नंबर, केस नंबर, निकालाची तारीख लिहा आणि निकालाची सर्टिफाईड कॉपी जोडा. तुम्ही स्वतः आरोपी होता त्यामुळे कॉपी मिळायला अडचण नाही, दोन-तीन काढून ठेवा, पुढंही लागतात. एकदा ई-कोर्ट्सवर आपलीच केस उघडून नेचर ऑफ डिस्पोजलमध्ये काय लिहिलंय ते पण पाहून घ्या. तिथं अक्विटेडच्या जागी भलतंच टाइप झालेलं असेल तर त्या कोर्टात निकालाची कॉपी लावून दुरुस्तीचा अर्ज द्या, पडताळणी पोहोचायच्या आत.